पोरोब की परब: एका शाळेतल्या अपार संमतीपत्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर गोव्याच्या खाणपट्ट्यातली एक अनुदानित माध्यमिक शाळा. इथल्या बहुतेक शाळांसारखीच हीही: चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून इंग्रजी, आणि स्टाफरूममधली चर्चा, पालकसभा, भांडणं मराठीत नाहीतर कोंकणीत. मी या शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या समितीवर आहे. पोटापाण्यासाठी एका सहकारी बँकेत खातेदारांचे केवायसीचे कागद तपासतो. म्हणजे आधार मागणाऱ्यांच्या बाजूचा माणूस. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी आधारविषयी जे बोलणार आहे ते वाचताना कुणाला हसू आलं तर यावं.

प्रकरण २०२५ च्या जानेवारीत सुरू झालं. माणसांची नावं बदलली आहेत. आडनावही बदललं आहे, पण मूळ आडनावात जो घोळ होता तसाच घोळ असलेलं आडनाव निवडलं आहे. त्याशिवाय गोष्ट कळणारच नाही.

अपार म्हणजे विद्यार्थ्याला मिळणारा बारा आकडी कायमचा क्रमांक. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून तो आला. ‘एक देश, एक विद्यार्थी ओळख’ असं त्याचं वर्णन केलं जातं. मुलाची गुणपत्रकं, प्रमाणपत्रं, क्रेडिट सगळं या क्रमांकाखाली डिजिलॉकरमध्ये जमा व्हावं ही त्यामागची कल्पना, आणि ती वाईट नाही. शाळा बदलताना दाखल्यासाठी ज्याने चार खेपा मारल्या आहेत त्याला तर ती चांगलीच वाटेल. क्रमांक काढायला मुलाचं आधार लागतं आणि अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकाची लेखी संमती लागते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या म्हणण्याप्रमाणे हे ऐच्छिक आहे.

शाळेत मात्र ते ऐच्छिक म्हणून पोचलं नाही. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टीचरचा मेसेज आला: ‘अपार फॉर्म सही करून उद्यापर्यंत पाठवणे. सर्वांना कंपलसरी.’

अडचण कशी पुढे आली

आठवीतल्या एका मुलीच्या वडिलांनी, त्यांना आपण परब म्हणू, फॉर्म सही न करता परत पाठवला. आठवडाभराने पुन्हा फॉर्म गेला. पुन्हा कोराच आला. मग वर्गात रोज सकाळी ‘बाकी’ असलेल्यांची नावं वाचून दाखवायला सुरुवात झाली. पहिल्या दिवशी अकरा नावं होती, चौथ्या दिवशी तीन, आणि पुढच्या सोमवारी एकच.

टीचरचाही फार दोष म्हणवत नाही. कुठल्या शाळेत किती टक्के झाले याचा तक्ता वरून रोज मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर पडत होता. शंभर टक्के झालेल्या शाळा हिरव्या, बाकीच्या लाल. शिकवायचं सोडून संध्याकाळी सहापर्यंत युडायसच्या, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवर बसलेल्या शिक्षिकेला एक कोरा फॉर्म म्हणजे एक लाल चौकोन. परब यांचा नकार तिला हट्ट वाटला.

फेब्रुवारीत पालकसभा झाली. तिथे परब उठले आणि त्यांनी फॉर्म वाचून दाखवला. इंग्रजीत होता तो, त्यामुळे त्यांनी अडखळत, मध्ये मध्ये मराठी करत वाचला. माहिती ज्यांना दिली जाऊ शकते त्यांत शैक्षणिक संस्थांबरोबर नोकरभरती करणाऱ्या संस्थांचाही उल्लेख होता. संमती केव्हाही मागे घेता येईल, पण तोपर्यंत प्रक्रिया झालेल्या माहितीवर त्याचा परिणाम होणार नाही, असंही वाक्य होतं. परब म्हणाले, ‘सर, तेरा वर्षांच्या पोरीची माहिती नोकरी देणाऱ्याला कशाला? आणि मागे घेतलेली संमती मागे गेलीच नाही तर ती घेतली कशाला?’

प्रश्न बिनतोड होता. पण परब तिथेच थांबले नाहीत. कुठूनतरी फॉरवर्ड होऊन आलेलं बरंच काही त्यांनी जोडलं: सरकार मुलांवर पाळत ठेवणार, माहिती परदेशात जाणार वगैरे. सभा हसली. मुख्याध्यापक म्हणाले, ‘परबबाब, तुमच्या मोबाइलात सगळं आधीच गेलंय हो. सकाळी उठल्यापासून रील बघता, तेव्हा प्रायव्हसी आठवत नाही?’ सभा आणखी हसली. परब खाली बसले.

मीही हसलो होतो. माझ्या मुलाचा फॉर्म मी बँकेच्या काउंटरवर, दोन ग्राहकांच्या मध्ये, न वाचता सही केला होता.

नावाचा घोळ

सभेनंतर तीन-चार दिवसांनी संघाच्या वतीने मी परब यांच्या घरी गेलो. ‘समजूत काढा’ असं मला सांगण्यात आलं होतं. सोप्यावर बसलो, चहा आला. परब सुरुवातीला पुन्हा पाळतीचंच बोलत होते. त्यांच्या बायकोने आतून प्लास्टिकची पिशवी आणली आणि एकेक कागद माझ्यासमोर पत्त्यासारखा मांडला.

मुलीचा जन्मदाखला: आडनाव पी-ओ-आर-ओ-बी, पोरोब. शाळेचं जनरल रजिस्टर, त्याची झेरॉक्स: पोरोब. मुलीचं आधार: पी-ए-आर-ए-बी, परब. वडिलांचं आधार: परब. वडिलांचा जन्मदाखला: पोरोब. घराखालच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा, आजोबांच्या नावावर: पोरोब.

गोव्याबाहेरच्या वाचकाला हे समजायला थोडा वेळ लागेल. पोर्तुगीज अमदानीत आमची आडनावं पोर्तुगीज कानांनी ऐकून रोमी लिपीत लिहिली गेली. परबचा पोरोब झाला, नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई आलं, गावकरचा ‘गाँवकार’ झाला. १९६१ नंतर काहींनी स्पेलिंग बदललं, काहींनी नाही, काहींच्या एकाच घरात दोन्ही राहिली. तोंडी सगळे परबच, देवनागरीत लिहिलं तर फरक दिसतही नाही. नाव बदलून घ्यायला १९९० चा वेगळा कायदा आहे गोव्यात, पण इथे नाव बदलायचंच नव्हतं. नाव एकच होतं, लिहिणारे अनेक होते. आणि जुनं स्पेलिंग जपण्यामागे नुसती भावना नसते: वारसाहक्काचे कागद, जमिनीचे उतारे, पोर्तुगीज नागरिकत्वासाठी पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करणाऱ्यांची फाईल, हे सगळं त्या एका अक्षरावर उभं असतं.

आधारचा कॅम्प गावात पंचायतीच्या हॉलमध्ये लागला होता, तेव्हा ऑपरेटरने ऐकलं तसं टाइप केलं. वडिलांचं ‘परब’ झालं आणि पुढे मुलीचं वडिलांवरून.

परब यांना याचा झटका आधीच बसला होता. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ते एका खाण कंपनीत होते. नोकरी गेल्यावर पीएफ काढायला गेले, तर कंपनीच्या रजिस्टरवर पोरोब आणि आधारवर परब. दावा दोनदा परत आला. घरात पगार नाही आणि स्वतःचेच पैसे आपलेच आहेत हे सिद्ध करत आठ महिने फिरायचं. शेवटी कंपनीकडून संयुक्त घोषणापत्र घेऊन पीएफचं नाव ‘परब’ करून घेतलं. म्हणजे पैसे मिळाले, पण तेव्हापासून त्यांचे स्वतःचे कागद दोन आडनावांत फाटलेले आहेत.

आता शाळेच्या क्लार्कने त्यांना फोनवर सांगितलं होतं: नाव जुळत नाही म्हणून अपार निघणार नाही, तर युडायसवर मुलीचं नाव आधारप्रमाणे ‘परब’ करून टाकतो, रजिस्टरला हात लावत नाही, काही फरक पडत नाही.

‘तसलं एकदा माझ्याबरोबर झालंय,’ परब म्हणाले. ‘तेव्हाही फरक पडत नाही म्हणालेले.’

आत बसलेली त्यांची आई तेवढ्यात कोंकणीत बोलली: ‘नांव आमचें आनी बदलपी दुसरे?’

सभेत हे का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, एवढ्या लोकांत आपल्या आधारात चूक आहे हे कसं सांगणार, लोकांना वाटेल खोटे कागद आहेत. हे वाक्य मी बँकेत दर आठवड्याला ऐकतो. चूक ऑपरेटरची असते, शरम कार्डवाल्याला वाटते.

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा पहिला निर्णायक क्षण हाच. पालकसभेत आम्ही तासभर भांडलो ते पाळतीवर. खरा प्रश्न होता की दोन सरकारी नोंदी भांडल्या तर खरी कुठली, आणि ते कोण ठरवणार. फॉर्मवर त्याला जागाच नव्हती.

समोर असलेले पर्याय

त्या सोप्यावर आम्ही चार गोष्टी तोलून पाहिल्या.

सही करून मोकळं होणं, आणि क्लार्क करतो ते करू देणं. सगळ्यात सोपं. पण दहावीचा फॉर्म शाळेच्या रजिस्टरवरून भरला जातो. म्हणजे दहावीच्या गुणपत्रकावर पोरोब आणि अपारमध्ये परब. ज्या क्रमांकाचा हेतूच सगळे कागद एकत्र आणायचा, तो पहिल्याच दिवशी चुकीचा.

दुसरं, जनरल रजिस्टरच आधारप्रमाणे बदलणं. हे मला सर्वात धोक्याचं वाटलं. जन्मदाखला मूळ आणि बाकी सगळं त्यावरून, हा क्रमच त्यामुळे उलटा होतो.

तिसरं, मुलीचं आधार जन्मदाखल्याप्रमाणे दुरुस्त करणं. तेव्हा पन्नास रुपये फी होती. रांग लावली की काम होतं. मात्र आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यातली एक संधी तेराव्या वर्षी संपणार. मुलगी आहे, पुढे लग्नानंतर तिला नाव बदलायचं असेल तर दुसरी संधी तिथे जाईल. मुलाच्या बापाला हा हिशेब करावा लागत नाही, हे परब यांच्या बायकोने मला ऐकवलं. बरोबरच होतं.

चौथं, लेखी नकार. आधार दुरुस्त करा अथवा करू नका, अपारला आत्ता संमती नाही एवढं कागदावर आणणं.

कायद्याची बाजू मी थोडी पाहून गेलो होतो. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही असं म्हटलं आहे, मुलांच्या आधार नोंदणीला पालकांची संमती हवी असंही म्हटलं आहे. पुढच्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत आधार रद्द करायचा अर्ज देण्याची सोयही आली. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा तर संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि बिनशर्त असावी असं सांगतो. पण तो कायदा त्या वेळी कागदावरच होता. नियमांचा मसुदा त्याच जानेवारीत हरकतींसाठी आला होता. मुख्याध्यापकांसमोर या कायद्याचं कलम आपटून उपयोग नव्हता, आणि मला ते करायचंही नव्हतं. आमच्याच गावात राहतात ते.

काय केलं

परब यांनी मुख्याध्यापकांना पत्र दिलं. माझ्या पहिल्या मसुद्यात दीड पान होतं, न्यायालयं आणि कलमं होती. परब यांच्या बायकोने वाचलं आणि विचारलं, हे त्यांनी वाचावं म्हणून लिहिलंय की घाबरावं म्हणून? मग तीन वाक्यं उरली. माझ्या मुलीच्या अपार आयडीसाठी मी सध्या संमती देत नाही. जन्मदाखल्यावर असलेलं तिचं नाव शाळेच्या कुठल्याही नोंदीत आमच्या लेखी अर्जाशिवाय बदलू नये. संमती नसल्यामुळे तिचा प्रवेश, परीक्षा किंवा शिष्यवृत्ती अडणार असेल तर तसा आदेश आम्हाला लेखी द्यावा.

मुख्याध्यापकांनी पत्र वाचलं, टेबलावर ठेवलं आणि पोच द्यायचं टाळलं. ‘ठेवा, बघतो.’ इथे परब निघून आले असते तर प्रकरण तिथेच विरलं असतं. ते बाकावर बसून राहिले. साडेअकराच्या सुमारास क्लार्कने शिक्का मारून प्रत दिली.

तिसऱ्या वाक्याने काम केलं. अपार नाही म्हणून काही अडेल असं लेखी द्यायला कुणी तयार नव्हतं. मुख्याध्यापकांनी वर विचारलं, तिकडून तोंडी उत्तर आलं की सक्ती नाही, पण प्रयत्न करा. त्या ‘पण’मध्ये सगळा तक्ता बसलेला होता.

दुसरीकडे संघाने शाळेला दोन गोष्टी सुचवल्या आणि मुख्याध्यापकांनी, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो, लगेच मान्य केल्या. वर्गात बाकीची नावं वाचणं बंद झालं. आणि फॉर्मबरोबर मराठीत एक चिठ्ठी जोडली: हे ऐच्छिक आहे, संमती देतो, देत नाही, नावात तफावत आहे, यांतल्या एकावर खूण करा. तिसरा पर्याय टाकल्याबरोबर आठवीच्या एकाच वर्गातून नऊ चिठ्ठ्या तफावतीच्या आल्या. त्यांतल्या सात जणांनी आधीच सही दिलेली होती. कुणाचं मधलं नाव गायब, कुणाचं ‘शेट’ दोन तऱ्हेने, एकाची जन्मतारीखच वेगळी. जन्मतारीख आधारवर एकदाच बदलता येते, त्यामुळे त्या घराला आम्ही आधी मूळ दाखला शोधा, मग केंद्रावर जा असं सांगितलं.

परब यांच्या बायकोने मार्चमध्ये सुट्टी काढून मुलीला आधार केंद्रावर नेलं. पहिल्या दिवशी टोकन संपले. दुसऱ्या दिवशी सर्व्हर नव्हता. तिसऱ्या खेपेला जन्मदाखला स्कॅन झाला.

निष्पत्ती

नवीन आधार आलं. त्यावर मुलगी पोरोब आहे. पत्त्याच्या ओळीत, वडिलांच्या नावात, परब आहे. एकाच कार्डावर बाप-लेकीची दोन आडनावं, आणि दोन्ही यंत्राच्या दृष्टीने बरोबर. परब यांनी ते कार्ड मला दाखवलं तेव्हा हसत होते, बऱ्याच दिवसांनी.

नाव आता रजिस्टरशी जुळतं, त्यामुळे अपार काढायला तांत्रिक अडचण नाही. तरी त्यांनी सही केलेली नाही. दहावीनंतर बघू म्हणतात. एप्रिलमध्ये मुलगी नववीत गेली, तिचा प्रवेश किंवा परीक्षा कुठे अडली नाही. शाळेचा चौकोन शेवटपर्यंत हिरवा झाला नाही, त्याचं काही वाईटही झालं नाही.

सगळंच नीट झालं असं नाही. तफावतीच्या नऊ घरांपैकी चारांनी युडायसवरच आधारप्रमाणे नाव करून घेतलं, कारण मजुरी बुडवून तीन खेपा मारणं त्यांना परवडणारं नव्हतं. दहावीच्या फॉर्मवेळी ती चार नावं पुन्हा वर येतील. आणि परब यांची मुलगी वर्गातल्या त्या दोन आठवड्यांबद्दल अजून वडिलांवर रागावलेली आहे. मैत्रिणींकडे अपार कार्ड आहे, तिच्याकडे नाही. तिला या सगळ्यात कुणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही.

आज पुन्हा करायचं तर

पालकसभेच्या आधी परब यांना एकट्याने भेटायला हवं होतं. दोनदा कोरा फॉर्म परत येतो म्हणजे काहीतरी सांगायचं आहे, आणि ते भर सभेत सांगण्यासारखं नाही. समितीवर मी दिवसभर नावं जुळवणारा माणूस, तरी मला ते सुचलं नाही.

परब यांनीही फॉरवर्डचा मालमसाला टाळला असता तर त्यांचा पहिला प्रश्न हसण्यात उडाला नसता. मोबाइलवर रील बघणारा माणूस मुलीच्या नोंदीबद्दल बोलू शकत नाही, हे मुख्याध्यापकांचं म्हणणं मला आजही पटत नाही. ॲप तो स्वतः घेतो, स्वतः काढतो. मुलीच्या नावावर तो विश्वस्त आहे, आणि बँकेत आम्ही विश्वस्ताच्या सह्या दुप्पट तपासतो.

शाळेने संमती मागण्याच्या आधी नावं जुळवायला हवी होती. रजिस्टर आणि आधार शेजारी ठेवून पाहणं क्लार्कचं एका आठवड्याचं काम. ते आधी झालं असतं तर निम्म्या घरांना दुरुस्तीला उन्हाळ्याची सुट्टी मिळाली असती. पण तक्त्यात रकाना होता तो किती क्रमांक निघाले याचा. किती बरोबर निघाले याचा नव्हता.

राहिली माझी सही. २०२५ च्या नोव्हेंबरात माहिती संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले, त्यांतल्या मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे. कायदा म्हणतो, संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असावं. मी दिली होती काउंटरवर, दोन मिनिटांत. डिसेंबरात मी शाळेत जाऊन संमती मागे घेण्याचा फॉर्म मागितला. क्लार्कने कपाट उघडलं, पोर्टलवर शोधलं, शेजारच्या शाळेत फोन करून विचारलं. तसा फॉर्म त्याला मिळाला नाही. साध्या कागदावर लिहून द्या म्हणाला. दिलं. त्यावर आवक क्रमांक पडला आहे, आणि अर्ज परब यांच्या पत्राच्याच फाईलला लावला आहे.